मिस्त्रींनी बसवलेला ळ

मिस्त्रींनी उभी पस्तीस वर्षं गुडघ्यांवर काढली. कुणापुढे गुडघे टेकले अशातला भाग नाही. धंदाच तसा होता. दवाखाने, शाळा, कचेऱ्या, नाचाचे वर्ग, जिथे कुठे लिनोलियम अंथरायचं असेल तिथे मिस्त्री गुंडाळी खांद्यावर टाकून जायचे, खोलीच्या लांबच्या कोपऱ्यात गुडघे टेकायचे आणि मागे सरकत सरकत दारापर्यंत यायचे. दारात पोचले की काम संपलं. त्यांच्या जमिनीवरून हजारो माणसं चालून गेली, पण कुणी खाली पाहिलं नाही. मिस्त्री म्हणायचे, "लोकांनी खाली पाहिलं म्हणजे समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय."

साठीला दोन वर्षं कमी असताना डॉक्टरांनी त्यांच्या गुडघ्यांचे फोटो उजेडात धरले आणि दोनदा उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, "मिस्त्री, हे दोघं निवृत्ती मागतायत. तुम्ही दिली नाहीत तर स्वतःच घेतील. चाला, उभे राहा, स्टुलावर बसा. पण जमिनीवर गुडघा टेकायचा नाही."

झालं. मिस्त्री घरी बसले.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांच्या बायकोचं शिवणकाम चालायचं. तिची दोन मशीन होती, कापायचं एक लांब टेबल होतं आणि भिंतीला दोऱ्यांच्या रिळांची फळी होती. पहिल्या आठवड्यात मिस्त्रींनी दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, खिडक्यांचे खिळे ठोकले, आणि करायला काही उरलं नाही तेव्हा फळीवरची रिळं रंगाप्रमाणे लावून ठेवली. दिसायला सुरेख दिसत होती. पण बायकोला जाड दोरा कुठला आणि बारीक कुठला हे काही केल्या सापडेना.

"अहो," ती सुई ओठांत धरूनच म्हणाली, "तुमचा हात चांगला आहे, पण माझ्या डोक्यावर कशाला चालवताय? काहीतरी बघा ना स्वतःचं."

त्याच दुपारी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या बाई कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आल्या. त्यांना सगळे केमिस्टताई म्हणत. वय पन्नाशीच्या आतबाहेर, बोलणं मोजकं, गोळ्या मोजल्यासारखं. मागच्या खोलीच्या उघड्या दारातून त्यांना भिंतीला टेकवून ठेवलेल्या लिनोलियमच्या गुंडाळ्या दिसल्या आणि त्यांचे डोळे चमकले.

"हे लिनो आहे? खरं?"

"खोटं कसं असेल?" मिस्त्री म्हणाले.

"आमच्या छपाईच्या वर्गात आम्ही यावरच कोरतो. अक्षरं, चित्रं. पण हल्ली मिळतं ते इतकं वाईट असतं, की हत्यार चालतच नाही. एखादा तुकडा द्याल का आम्हाला?"

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. बायकोने असं पाहिलं की तुकडा कशाला, सगळ्या गुंडाळ्या घेऊन जा आणि सोबत तुम्हीही जा.

छपाईचा वर्ग भरायचा एका जुन्या बाटल्यांच्या गोदामात. उंच खिडक्या, मधोमध दोन लांब टेबलं आणि एका बाजूला चाक फिरवून चालवायचा लोखंडी प्रेस. वर्ग चालवणाऱ्या बाई चाळिशीच्या होत्या. त्यांच्या कोपरापर्यंत शाईचे डाग होते, आणि हसायच्या मोकळेपणी. टेबलाशी एक निवृत्त पोस्टमनकाका बसले होते. समोरच्या तुकड्यावर ते कोरणी रेटत होते आणि तुकड्यातून चिवट तारा निघत होत्या.

मिस्त्रींनी तो तुकडा उचलला, वाकवला आणि सरळ नाकाशी नेला. पोस्टमनकाका बघतच राहिले.

"हे लिनो नव्हे," मिस्त्री म्हणाले. "हे प्लास्टिक आहे. वास घ्या. येतो का काही? आता याचा घ्या." त्यांनी आपल्या गुंडाळीचं टोक पुढे केलं. "जवसाचं तेल येतंय ना? त्यात बाटलीच्या बुचाचा भुगा, लाकडाचा भुगा, आणि पाठीला तागाचं कापड. हे कापलं की खडूसारखं सुटतं. तारा निघत नाहीत."

बाईंनी वास घेतला, नखाने कड खरवडली, आणि म्हणाल्या, "पण हे फार कडक झालंय. तडकेल."

"थंड आहे म्हणून कडक आहे. इस्त्री आहे का?"

इस्त्री होती. मिस्त्रींनी तुकड्यावर जुना कागद घातला, पाठीकडून हलका शेक दिला, आणि काकांच्या हातात ठेवला. कोरणी लोण्यातून जावी तशी गेली. काकांनी एक लांब, सलग साल कोरून काढली, उजेडात धरली आणि म्हणाले, "तीन महिने आम्ही काय दगड फोडत होतो?"

त्या दिवसापासून मिस्त्री मंगळवारी आणि शुक्रवारी वर्गाला जाऊ लागले. सुरुवातीला फक्त लिनो कापून द्यायचे, प्लायवर चिकटवायचे, शेकून द्यायचे. मग बाईंनी एक दिवस त्यांच्या हातात कोरणी दिली. जमिनीचा सुरा आपल्याकडे ओढायचा असतो आणि कोरणी आपल्यापासून लांब ढकलायची असते. पस्तीस वर्षांचा हात उलटा फिरवायला त्यांना महिना लागला. सरळ रेघेत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. वळण आलं की मात्र पंचाईत व्हायची. "खोलीला कोपरे असतात हो," ते वैतागून म्हणायचे, "पोट नसतं. या अक्षरांना सगळ्यांनाच पोटं!"

रोलरने शाई काचेवर पसरवताना ती नेमकी किती हवी हे कानाने कळतं, हे त्यांना फार आवडलं. शाई जास्त असली की ती पचपच करते, बेताची असली की बारीक सरसर आवाज येतो. घरी जेवतानाही ते सांगायचे, आणि बायको म्हणायची, "बरं झालं. निदान कुणाचं तरी ऐकायला लागलात."

त्या वर्षी शहरातल्या पंधरा बालवाचनालयांसाठी वर्गाने मुळाक्षरांचा एक मोठा तक्ता छापायचं ठरवलं. साडेतीन फूट लांब, अडीच फूट रुंद, सगळा एकाच लिनोच्या तुकड्यावर. तुकडा अर्थात मिस्त्रींनी निवडला. बाईंनी आराखडा काढला: गडद निळी भरीव पार्श्वभूमी आणि त्यात पांढरी अक्षरं. प्रत्येक ओळीवरून एकच लांब शिरोरेषा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. जिथे पांढरं हवं तिथे कोरायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. अक्षरं ठशावर उलटी हवीत, म्हणून बाईंनी प्रत्येक अक्षराचा नमुना पातळ कागदावर काढून दिला होता; तो पालथा घालून गिरवायचा. माणशी एक-दोन ओळी वाटून दिल्या. शेवटची ओळ केमिस्टताईंकडे आली, कारण क्ष आणि ज्ञ कोरायला सगळ्यात शांत हात त्यांचाच होता.

पाच आठवडे काम चाललं. मंगळवारी दुपारी पहिली छाप काढली. बाईंनी प्रेसवरून कागद एका कोपऱ्याकडून हळूहळू उचलला, तारेला चिमट्याने लावला, आणि सगळे मागे सरून बघत उभे राहिले. निळा रंग असा भरून आला होता की हात बुडवावासा वाटावा. काकांनी टाळ्या वाजवल्या. केमिस्टताईंनी चष्मा काढून पुसला. तक्ते शनिवारी द्यायचे होते. तीन दिवसांत चौदा प्रती आणखी काढल्या की झालं.

नेमक्या त्याच वेळी मिस्त्रींची बायको आली. मिस्त्री चष्मा घरी विसरले होते, तो द्यायला. तिने तो त्यांच्या खिशात खोचला आणि तक्त्यासमोर उभी राहिली. शाळेत म्हणतात तसा सूर लावून ती अक्षरं म्हणू लागली. एकेक ओळ उतरत शेवटच्या ओळीशी आली.

"श, ष, स, ह, ल..." ती थांबली. "अहो, हा ल इथे कशाला आलाय? तो वरच्या ओळीत बसला होता ना?"



सगळ्यांनी एकदमच पाहिलं. वर य, र, ल, व मध्ये ल होताच. आणि खाली, ह आणि क्ष यांच्या मध्ये, पुन्हा एक सुबक, ठाशीव, दांड्यासकट ल उभा होता. ळ कुठेच नव्हता. सगळ्यांनी तो तक्ता दहा वेळा वाचला होता, आणि जे असायला हवं तेच वाचलं होतं.

"पत्ता बदलला असेल," पोस्टमनकाका पुटपुटले, पण कुणी हसलं नाही. केमिस्टताई पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"माझ्या हातात ल चा कागद आला असणार," त्या म्हणाल्या. "दोन्ही एकाच पाकिटात होते. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं लावते मी. कोंबडीने उकरलेलीही लावते. आणि हे..."

"असू दे हो, ताई," बाई म्हणाल्या, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. "कोरलेलं परत भरता येत नाही, एवढीच अडचण आहे. नवीन ठसा करायला वेळ नाही. एक करता येईल. तो चौकोन सगळा कोरून पांढरा करू आणि पंधरा कागदांवर ळ हाताने रंगवू."

"ठिगळासारखं दिसेल," काका म्हणाले.

"ळ शिवाय मुलांना देण्यापेक्षा बरं. ळ नाही तर शाळा नाही, फळा नाही आणि खेळही नाही," बाई म्हणाल्या.

 मिस्त्रींनी नवा चष्मा लावावा तसा खिशातला चष्मा काढून नीट लावला, ठशापाशी गेले, आणि त्या ल च्या आजूबाजूने बोट फिरवलं.

"बाई, या गुंडाळीचा उरलेला तुकडा मी टाकलेला नाही. त्या कपाटामागे आहे."

"त्याचं काय करायचं?"

"जोड द्यायचा. एका दवाखान्यात शेगडी पडून जमिनीला ताटाएवढी जागा जळली होती. तिथे मी जोड दिला. तिथल्या मोठ्या सिस्टर पंधरा दिवस त्यावरून चालत होत्या आणि रोज मला विचारत होत्या, मिस्त्री, दुरुस्तीला कधी येताय?"

"पण मिस्त्री, जमिनीवर थोडीशी फट राहिली तरी चालतं," बाई म्हणाल्या. "इथे केसाएवढी फट राहिली तरी निळ्यात पांढरी रेघ छापली जाईल."

"म्हणून तर फट ठेवायची नाही," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी कपाटामागचा तुकडा काढला आणि ल च्या वर घट्ट चिकटपट्टीने बसवला. "आता हे दोन्ही थर एकाच वेळी कापायचे. सुरा जसा जाईल तसे दोघंही कापले जातील. हात थोडा वाकडा गेला तरी दोघं सारखेच वाकडे. मग खालचा काढायचा आणि वरचा तिथे ठेवायचा. नवरा-बायकोसारखं आहे. दोघांचे खाचखळगे एकाच सुऱ्याने झालेले असले की जुळतं."

"हो का?" बायको म्हणाली.

वरची कड त्यांनी मुद्दाम शिरोरेषेतून घ्यायची ठरवली. तिथे आधीच पांढरं होतं, सांधा पडला तरी दिसणार नव्हता. राहिल्या तीन कडा. पोलादी पट्टी धरून त्यांनी सुरा टेकवला, आणि त्यांच्या लक्षात आलं की टेबल फार उंच आहे. दोन थरांतून जायला वरून भार हवा. आयुष्यभर हा भार त्यांनी गुडघ्यावर बसून दिला होता. त्यांनी ठसा उचलून जमिनीवर ठेवायला घेतला.

"गुडघा टेकलात तर बघा!" बायकोचा आवाज चढला. "सगळ्यांसमोर सांगते, घरी येऊ देणार नाही."

"अगं, पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटांसाठी पाच महिने तेल मी चोळायचं!"

मग काकांनी आणि बाईंनी मिळून बाहेरचा ठेंगणा बाक आत आणला. ठसा त्यावर ठेवला. मिस्त्री पाय फाकवून उभे राहिले, खांदे पुढे झुकवले, आणि सुरा सरळ, मुळीच कलू न देता ओढला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा पात्याचा आवाज बदलला आणि ते म्हणाले, "पोचलं." चारही कडा कापून झाल्यावर त्यांनी चिकटपट्टी सोडवली. खालचा ल पटाशीने हळूहळू सुटा केला, प्लायवरचा जुना गोंद खरवडून साफ केला, नवा गोंद लावला आणि कोरा तुकडा आत बसवला. तो बसताना अगदी बारीक 'टक्' असा आवाज झाला. 

शेवटी मिस्त्रींनी उरलेल्या कपट्याची कड घासून चिमूटभर भुकटी काढली, गोंदात कालवली आणि बोटाने तिन्ही सांध्यांत भरली. वर वजन ठेवलं. "आता उद्या सकाळपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही. मला धरून."

संध्याकाळी घरी मिस्त्रींना चैन पडेना. जोड तर बसला, पण त्यावर ळ कोण कोरणार? बाईंनी काही सांगितलं नव्हतं. त्यांना मनातून फार वाटत होतं की आपण कोरावा. त्यांनी बायकोच्या टेबलाचा एक कोपरा मागून घेतला आणि नमुन्यावरून उतरवून आणलेला ळ कपट्यांवर कोरायला बसले. पहिला झटक्यात जमला, पण छाप काढली तर काहीतरी खटकत होतं. ळ म्हणजे शिरोरेषेखाली आडवा पडलेला आठ. उलटा काय आणि सुलटा काय, सारखाच, असं त्यांना वाटलं होतं. पण बाईंच्या नमुन्यात दोन्ही पोटं सारखी नव्हती, एक लहान होतं आणि एक मोठं. त्यांनी तो सुलटाच कोरला होता, म्हणून छापेत पाठमोरा आला होता. मग त्यांनी कागद पालथा घालून पुन्हा गिरवला. जेवायची वेळ होईपर्यंत नऊ ळ झाले. नववा बरा होता.

"हा चांगलाय," बायको म्हणाली.

"बरा आहे," मिस्त्री म्हणाले, पण त्यांना तो आवडला होता.

सकाळी ते वर्गात पोचले तर केमिस्टताई आधीच येऊन बसल्या होत्या. दुकान तासभर उशिरा उघडणार होत्या. मिस्त्रींना पाहून त्या थोड्या गडबडल्या, आणि पिशवीतून औषधाचं एक रिकामं खोकं काढून पुढे केलं. त्यात कापसात ठेवल्यासारखे अकरा ळ होते.

"काल संध्याकाळी सराव केला," त्या म्हणाल्या. "म्हणजे, मी कोरावा असं नाही. चूक माझी आहे. तुम्हीच कोरा. पण सराव केला."

मिस्त्रींनी एकेक उचलून पाहिला. अकरावा ळ बघून त्यांच्या मनाला जराशी चुटपुट लागली, कारण तो त्यांच्या नवव्यापेक्षा उघड उघड सरस होता. वळणं एका दमात घेतलेली, आणि लहान-मोठं पोट बरोबर उलट्या बाजूला. त्यांच्या खिशातला नववा त्यांनी खिशातच राहू दिला.

"ओळ तुमची आहे," ते म्हणाले. "ळ पण तुमचाच."

"माझा हात थरथरेल."

"थरथरला तर मी पुन्हा जोड देईन. गुंडाळी संपलेली नाही."

या बोलण्याने ताईंना जो धीर आला तो दहा वेळा 'घाबरू नका' म्हणून आला नसता. मिस्त्रींनी वजन काढलं, सांध्यावरून बारीक पॉलिशपेपर फिरवला, तो भाग जरा शेकून दिला, आणि नमुना पालथाच आहे ना हे दोघांनी तीन-तीनदा तपासलं. मग ताईंनी कोरणी धरली. त्यांचा हात मुळीच थरथरला नाही. मिस्त्री शेजारी उभे राहून फक्त भुसा फुंकत होते. आधी शिरोरेषेचा तुटलेला भाग जोडला गेला, मग लहान पोट, मग मोठं. वीस मिनिटांत ळ आपल्या जागी बसला.

बाई आल्या, तेव्हा दोघं चहा पीत होते. बाईंनी ठसा पाहिला, शाई काढली, रोलर फिरवला. मिस्त्रींनी मान कलती करून आवाज ऐकला आणि म्हणाले, "बास." प्रेसचं चाक काकांनी फिरवलं. कागद उचलला गेला. ह नंतर ळ, ळ नंतर क्ष.

बाई कागदाला नाक लावून बघत होत्या. मग खिशातून भिंग काढलं. "सांधा कुठाय?"

"आहे तिथेच आहे," मिस्त्री म्हणाले.

"मला दिसत नाहीये!" असं म्हणून बाई इतक्या मोठ्याने हसल्या की बाहेरून जाणारा एक माणूस खिडकीतून डोकावला. मिस्त्रींचे कान लाल झाले. आपण केलेल्या कामाकडे कुणी भिंग लावून बघावं आणि आपल्याला बरं वाटावं, असं आजवर झालं नव्हतं.

शुक्रवारपर्यंत पंधरा प्रती वाळून तयार झाल्या आणि शनिवारी गेल्या. सोळावी बाईंनी वर्गाच्या भिंतीवर लावली. पुढच्या मंगळवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'आज जोड देणे. शिकवणार: मिस्त्री.' मिस्त्रींनी आधी खूप आढेवेढे घेतले, मग असे रंगले की दोन तास बोलत होते. काकांनी शिकता शिकता एक चांगला तुकडा वाया घालवला. ताईंचा सांधा पहिल्याच खेपेला बसला, याचं मिस्त्रींना आश्चर्य वाटलं नाही.

महिन्याभराने लिनो संपलं आणि नवीन आणायला बायकोसकट सगळे मिळून मिस्त्रींच्या जुन्या व्यापाऱ्याकडे गेले. व्यापारी गल्ल्यावरून उठून आला.

"अरे मिस्त्री! निवृत्त झालात म्हणे. मग परत काम धरलंत? किती मोठी खोली आहे?"

"खोली नाही. अक्षरं आहेत."

व्यापाऱ्याला काही उमगलं नाही. त्याने चार गुंडाळ्या काढल्या. मिस्त्रींनी पहिलीचं टोक उलगडून वास घेतला आणि बाईंकडे दिलं. बाईंनी वास घेऊन ताईंकडे दिलं. ताईंनी डोळे मिटून वास घेतला आणि मान हलवून 'नको' म्हणाल्या. दुसरी काकांनी नापास केली. व्यापारी एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. तिसरीला चौघांनीही हो म्हटलं.

गुंडाळी जड होती. मिस्त्री सवयीने खांदा लावायला वाकले, तर मागून बायको म्हणाली, "तुम्ही फक्त पुढचं टोक धरा आणि रस्ता दाखवा." त्यांनी टोक धरलं. बाई आणि ताई मधे राहिल्या, काकांनी मागचं टोक घेतलं, आणि सकाळच्या उन्हात ती वरात गोदामाकडे निघाली. बायको बाजूने चालत होती आणि प्रत्येक वळणावर सगळ्यांना सांगत होती, डावीकडून घ्या, डावीकडून.